कॉकपिटमधली तेहतीस वर्षं

सहकाऱ्यांनी कामाच्या वेळी एकमेकांशी कसं बोलावं, याचे वर्ग आज कंपन्यांत भरतात, रुग्णालयांत भरतात. या शिक्षणाचं मूळ विमानाच्या कॉकपिटमध्ये आहे आणि त्यासाठी मोजलेली किंमत फार मोठी आहे. कचेरीतल्या बैठकीत कोण काय पुटपुटलं याची नोंद राहत नाही. कॉकपिटमधलं शेवटच्या अर्ध्या तासाचं बोलणं मात्र टेपवर उतरत होतं, म्हणून चूक नेमकी कुठे झाली हे वाक्यागणिक तपासता आलं.

२७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी टेनेरिफच्या विमानतळावर दाट धुकं होतं. केएलएमचं जंबो उड्डाणाच्या तयारीत, आणि त्याच धावपट्टीवर पॅन अ‍ॅमचं दुसरं जंबो. केएलएमचे कॅप्टन कंपनीचे प्रमुख प्रशिक्षक होते; शेजारी बसलेल्या सहवैमानिकाला जंबोसाठी त्यांनीच उत्तीर्ण केलं होतं. कॅप्टननी इंजिनांचा वेग वाढवला, तेव्हा अजून परवानगी मिळालेली नाही याची सहवैमानिकाने एकदा आठवण करून दिली. काही क्षणांनी कॅप्टन पुन्हा निघाले, तेव्हा त्याने हरकत घेतली नाही. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनियरने विचारलं, ते दुसरं विमान बाजूला झालेलं नाही का? झालंय, असं ठाम उत्तर आलं. त्यानंतर काही सेकंदांत टक्कर झाली आणि ५८३ माणसं गेली. इंजिनियरला शंका आली होती, पण त्याने ती प्रश्नाच्या रूपात मांडली. प्रश्नाला नुसतं उत्तर देऊन पुढे जाता येतं.

पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ ला, अमेरिकेत पोर्टलंडला जे घडलं ते मला याहून बोलकं वाटतं. तिथे धुकं नव्हतं, घाई नव्हती. युनायटेडच्या डीसी-८ विमानाची चाकं नीट उतरली की नाही, अशी शंका आली. कॅप्टन तासभर विमान शहरावर घिरट्या घालत ठेवून चाकांचा प्रश्न सोडवत राहिले, प्रवाशांच्या तयारीची काळजी घेत राहिले. ते बेजबाबदार नव्हते. एका गोष्टीत पूर्ण बुडाले होते. इंधन कमी होतंय हे सहवैमानिकाला आणि फ्लाइट इंजिनियरला दिसत होतं. ते बोललेही. किती इंधन उरलंय हे सांगितलं, आणखी पंधरा मिनिटं थांबलो तर फार कमी उरेल असंही सुचवलं. पण ‘आता उतरलंच पाहिजे’ असं कोणी म्हटलं नाही. इंजिनं एकामागून एक बंद पडली आणि विमान विमानतळाच्या अलीकडे, झाडीच्या वस्तीत कोसळलं. दहा जण गेले. फ्लाइट इंजिनियर त्यांतला एक.

आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत बसलेल्याला हे बोलणं ओळखीचं वाटेल. “साहेब, ते बिल अजून आलेलं नाही,” असं कारकून सांगतो, तेव्हा त्याला म्हणायचं असतं की उद्यापासून काम बंद पडेल. साहेबांना फक्त बिलाची खबर कळते.

पोर्टलंडनंतर चक्रं हलली. अमेरिकी चौकशी मंडळाने कनिष्ठांना ठामपणे बोलायला आणि कॅप्टनना ऐकायला शिकवा, अशी शिफारस केली. १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेडने पहिला सर्वंकष अभ्यासक्रम सुरू केला. अनेक जुन्या वैमानिकांना हा शिष्टाचाराचा वर्ग वाटला. विमान उडवणाऱ्याला बोलायला काय शिकवायचं, असा त्यांचा सवाल होता.

जानेवारी १९८२ मध्ये वॉशिंग्टनच्या बर्फात त्याचं उत्तर मिळालं. एअर फ्लोरिडाचं विमान धावपट्टीवर वेग घेत असताना यंत्रांवरचे आकडे बरोबर नाहीत, असं सहवैमानिक पुनःपुन्हा म्हणाला. कॅप्टननी ते उडवून लावलं. विमान पोटोमॅक नदीवरच्या पुलावर आदळलं आणि ७८ जण गेले. भाषाशास्त्रज्ञ शार्लट लिंड यांनी अशा ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला. कनिष्ठ माणसं वरिष्ठांपेक्षा अधिक सौम्य करून बोलतात आणि सौम्य केलेली सूचना मान्य होण्याची शक्यता कमी असते, हे त्यांनी दाखवून दिलं.

१९८९ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ कोसळलेल्या विमानात कॉकपिटचा दरवाजाच भिंत ठरला. उजव्या इंजिनात बिघाड आहे, असं कॅप्टननी प्रवाशांना सांगितलं. ज्वाळा डाव्या इंजिनातून निघत होत्या. त्या प्रवाशांनी पाहिल्या, कर्मचाऱ्यांनीही पाहिल्या, पण कोणी पुढे जाऊन सांगितलं नाही. वैमानिकाला आपल्यापेक्षा जास्त कळतं, असं सगळे धरून चालले. ४७ जण मेले. याच सुमारास त्या प्रशिक्षणाच्या नावातला ‘कॉकपिट’ जाऊन ‘क्रू’, म्हणजे विमानातले सगळे कर्मचारी, आला होता, आणि तसं का व्हायला हवं होतं हे इथे दिसलं.

त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेत सू सिटीला कॅप्टन अल हेन्स यांच्या डीसी-१० ची तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली. विमान वळवण्याचं साधन उरलं नाही. प्रवासी म्हणून बसलेले प्रशिक्षक डेनिस फिच मदतीला आले. हेन्स यांनी त्यांना थ्रॉटल सांभाळायला दिले आणि सगळ्यांकडून सूचना घेत राहिले. २९६ पैकी १८४ वाचले. पुढे हेन्स आयुष्यभर सांगत राहिले की त्या प्रशिक्षणाशिवाय हे जमलं नसतं. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, कारण इथे सर्वांत अनुभवी माणसाने विचारायला सुरुवात केली.

१९९० मध्ये न्यूयॉर्कजवळ कोलंबियाच्या आविआंका कंपनीचं विमान इंधन संपून पडलं आणि ७३ जण गेले. इंधन संपत आलंय हे सहवैमानिकाने नियंत्रकांना कळवलं होतं, पण आणीबाणी जाहीर केली नव्हती. यावर कोलंबियन लोकांच्या नमतेपणाची चर्चा खूप झाली. ती मला पटत नाही. पोर्टलंडचे आणि पोटोमॅकवरचे वैमानिक अमेरिकीच होते. वरच्या जागेपुढे जीभ मऊ होते, ती कुठल्याही देशात.

पुढे हे ज्ञान शस्त्रक्रियागृहात पोचलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या तपासणी यादीत, चीर देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगावं असं कलम आहे. मला ते शहाणपणाचं वाटतं: एकदा तोंड उघडलेल्या नर्सला दुसऱ्यांदा बोलणं सोपं जातं.

आणि मग २२ मे २०१० ची सकाळ, मंगळूर. दुबईहून आलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानातले १५८ जण गेले, आठ वाचले. चौकशीचं काम एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली झालं. कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपलेले होते. उतरताना विमान फार उंचावर होतं. सहवैमानिकाने तीन वेळा ‘गो अराउंड’ म्हणजे पुन्हा वर घ्या, असं सांगितलं. यंत्रणाही इशारे देत होती. तरी कॅप्टननी विमान उतरवलं आणि ते धावपट्टी ओलांडून दरीत गेलं.

सहवैमानिकाच्या बोलण्यात आडवळण नव्हतं. पोर्टलंडला कोणी बोललं नाही तसं थेट वाक्य इथे तीनदा बोललं गेलं. पण त्याने स्वतः विमान हातात घेतलं नाही. त्याचं संभाव्य कारण अहवालात दिलं आहे: सहवैमानिकाने कधी विमान वर न्यावं, याबद्दलच्या सूचनाच संदिग्ध होत्या. म्हणजे बोलायला शिकवलं होतं. बोलून उपयोग झाला नाही तर पुढे काय करायचं, हे निःसंदिग्धपणे लिहिलेलं नव्हतं. म्हणून संवादकौशल्याचा वर्ग कुठेही भरताना दिसला की मला आधी त्या कचेरीचे लेखी नियम पाहावेसे वाटतात. कनिष्ठाने चालू काम कधी थांबवावं, ते त्यांत लिहिलेलं असावं, आणि थांबवल्याबद्दल त्याला जाब विचारला जाणार नाही, याखाली साहेबांची सही असावी.