शर्यतीच्या मार्गावरील चाकाची पारख

मोटारीची शर्यत हा आमच्या धान्याच्या पेढीचा विषय नव्हे, हे आम्ही जाणून आहों. तथापि आपल्या व्यापारी बांधवांच्या घरांतील काही तरुण कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईनजीकच्या इरुंगाट्टुकोट्टाई येथील मार्गावर आपली मोटार वेगाने हाकण्याची हौस करितात, आणि या हौसेचा खर्च बहुधा वडिलांच्या तिजोरीतून होतो. पैसा मोजणाऱ्याने माल पारखून घ्यावा, हा व्यापाराचा जुना नियम येथेही लागू आहे.

प्रथम भाराचा हिशेब पाहू. १,४०० किलो वजनाची मोटार उभी असता प्रत्येक चाकावर सरासरी ३५० किलो भार असतो. वेगाने वळण घेताना मात्र आतील चाकांवरील भार बाहेरील चाकांवर जातो. मोटारीच्या वजनाइतका आडवा जोर पडला, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच आणि डाव्या-उजव्या चाकांतील अंतर दीड मीटर असले, तर बाहेरील प्रत्येक चाकावर सुमारे ५८० किलो येतात. त्यातच ब्रेक दाबला की पुढील चाकाचा वाटा आणखी वाढतो. म्हणून चाकावर कोरलेली भारक्षमता आधी वाचावी. आसावरील कमाल भाराच्या निम्म्याहून ती कमी नसावी, ही झाली साध्या रस्त्याची अट. शर्यतीच्या मार्गासाठी ती पुष्कळच अधिक हवी.

दुसरी गोष्ट घडणीची. ॲल्युमिनियमचा रस साच्यात ओतून केलेले चाक स्वस्त असते. परंतु ओतकामात सूक्ष्म छिद्रे राहण्याचा संभव असल्याने त्यास बळकटीसाठी जाडी, म्हणजेच वजन, द्यावे लागते. ओतलेल्या चाकाची धाव तापवून, रुळांनी दाबून ताणली म्हणजे ती पातळ असूनही चिवट होते. हजारो टनांच्या दाबयंत्राखाली घडविलेले चाक सर्वांत महाग; पण धातू घट्ट असल्याने ते हलके असूनही मजबूत राहते. हलक्या चाकाने मोटार चपळ होते हे खरे. परंतु ओतीव, अतिशय हलके आणि शिवाय स्वस्त असे चाक कोणी पुढे केले, तर ग्राहकाने तेथेच सावध व्हावे.

तिसरी गोष्ट चिन्हांची. जपानी चाकावरील ‘जे.डब्ल्यू.एल.’ हे चिन्ह कारखानदार आपल्या जबाबदारीवर लावतो, ‘व्ही.आय.ए.’ हे चिन्ह त्रयस्थ संस्थेची तपासणी दर्शविते. आपल्याकडील मानक आय.एस. १६१९२ हे होय. नामांकित चाकांच्या हुबेहूब नकला बाजारात येतात व चिन्हेही खोटी कोरता येतात. यास्तव अधिकृत विक्रेत्याची पावती अवश्य घ्यावी. पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या दाण्यावरून आपण सौदा करीत नाही. मग केवळ चकाकीवरून चाक का घ्यावे?

चाक घेतल्यावरही दक्षता हवी. त्याचे मधले भोक मोटारीच्या हबवर अचूक बसावे. नट कारखान्याने सांगितलेल्या जोरानेच, मापकपान्याने आवळावेत आणि प्रत्येक खेपेपूर्वी व नंतर तपासावेत. चाक धुऊन आऱ्यांच्या मुळाशी व धावेच्या आतील बाजूस तडा आहे काय, हे उजेडात पाहावे. तडा गेलेले चाक वेल्डिंग करून शर्यतीच्या मार्गावर कदापि नेऊ नये. उष्णता देऊन धातूस आणलेले बळ वेल्डिंगच्या आचेने त्या जागी नष्ट होते.

निखळलेले चाक केवळ चालकाचा घात करीत नाही. ४ मार्च २००१ रोजी मेलबर्नच्या शर्यतीत दोन मोटारींच्या धडकेत तुटलेले चाक कुंपणाच्या फटीतून गेले आणि ग्रॅहम बेव्हरिज या स्वयंसेवकाचा प्राण गेला. तेथे दोष धडकेचा होता, चाकाच्या निवडीचा नव्हे. परंतु सुटलेल्या चाकापुढे कडेला उभा असलेला निरपराध मनुष्य किती असहाय असतो, हे त्यावरून कळते.

तरुणांची हौस मोडावी, असे आम्ही म्हणत नाही. मात्र मुलाने नवी चाके मागितली, तर वडिलांनी किमतीआधी भारक्षमता, घडण व पावती यांची चौकशी करावी. रंग व इंजिन यांवरील खर्च पुढे ढकलता येतो. चाकातील काटकसर मात्र परवडणारी नाही, असे आमचे नम्र मत आहे.