वजनकाट्याची किल्ली कोण बदलणार?



गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवालातील खर्चाच्या एका बाबीवर एका ज्येष्ठ सभासदांनी उभे राहून विचारले, "कॉम्प्युटरचे पासवर्ड बदलायला खर्च? पासवर्ड बदलायला काय पैसे पडतात का? माझा नातू तर फुकट बदलतो!" सभागृहात हशा पिकला. वेळ थोडा होता आणि, खरे सांगायचे तर, व्यासपीठावरून दिलेले उत्तरही नीट झाले नाही. प्रश्न मात्र रास्त होता, म्हणून या अंकात त्याचे सविस्तर उत्तर देत आहोत.

आपला ऊस तुटून ट्रॉलीत भरला की त्याचा हिशेब कोणकोणत्या हातांतून जातो ते आधी पाहू. भरलेली गाडी काट्यावर चढते, गव्हाणीत रिकामी होते, पुन्हा काट्यावर येते. भरल्या वजनातून रिकाम्याचे वजन वजा जाऊन काटा पावती निघते. पूर्वी तिच्या कार्बन लावून प्रती निघत आणि कारकून त्या उचलून केन अकौंट विभागात नेऊन देई. आता काट्यावरचा कॉम्प्युटर तो आकडा केन अकौंटच्या कॉम्प्युटरला स्वतःच कळवतो. तिथे आपला सभासद क्रमांक लागतो, पंधरवड्याचे बिल बनते, सोसायटीची वसुली कापली जाते आणि रकमांची यादी बँकेकडे जाते. या वाटेवर पूर्वी माणसाला माणूस ओळखत होता. आता यंत्राने यंत्राला ओळखायचे आहे.

ते ओळखते कसे? काटा म्हणतो, "मी काटा नंबर दोन, हा माझा परवलीचा शब्द." शब्द बरोबर असला की पलीकडचा कॉम्प्युटर आकडा लिहून घेतो. हा शब्द कोणी बोटांनी टाईप करत नाही. तो काट्याच्या कॉम्प्युटरमध्ये एका फाईलीत लिहून ठेवलेला असतो. नातवाच्या मोबाईलचा पासवर्ड आणि हा पासवर्ड यांत फरक आहे तो इथेच. नातवाचा पासवर्ड एकट्या नातवाला माहीत असतो आणि तो बदलला तर अडचण झालीच तर त्याचीच होते. यंत्राचा शब्द दोन ठिकाणी लिहिलेला असतो, आणि बदलायचा तर दोन्ही ठिकाणी एकाच वेळी बदलावा लागतो.

आता आमचीच चूक सांगतो. आपल्या चारही काट्यांचा शब्द अकरा वर्षे एकच होता. ज्याने ही प्रणाली बसवली तो गृहस्थ केव्हाच दुसरीकडे नोकरीला गेला. त्याच्यानंतर दुरुस्तीला जे जे आले त्यांनाही तो माहीत होता. एका काट्याच्या केबिनमध्ये तर तो कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला सापडला! बदलला का नाही, असे आपण विचाराल. दोन हंगामांपूर्वी जानेवारीत एका कर्मचाऱ्याने चांगल्या हेतूने तो बदलला होता. केन अकौंटकडे बदलला, दोन काट्यांवर बदलला, आणि उरलेल्या दोन काट्यांवर जाण्याआधीच रात्रपाळीची गर्दी सुरू झाली. ते दोन काटे जुनाच शब्द सांगत राहिले आणि पलीकडून नकार येत राहिला. अडीच तास हाताने पावत्या लिहिल्या. ट्रॅक्टरांची रांग फाट्यापर्यंत गेली. तुटलेला ऊस जितका थांबेल तितका वाळतो, आणि ते वजन सभासदाच्याच पदरचे जाते. पहाटे कोणीतरी जुना शब्द पुन्हा घातला तेव्हा गाड्या हलल्या. त्यानंतर त्या शब्दाला हात लावायची कोणाची छाती झाली नाही.

म्हणजे बदलला तर काटा बंद पडायची भीती, आणि न बदलावा तर शब्द दहा जणांच्या तोंडी. दुसरी भीती दिसत नाही म्हणून ती लहान वाटते, पण ती लहान नाही. ज्याच्याजवळ काट्याचा शब्द आहे तो काटा असल्याचे सोंग आणून न आलेल्या उसाचे वजन चढवू शकतो. तशाच एखाद्या शब्दाने कोणी बिलाच्या यादीत शिरला आणि सभासदाचा बँक खाते क्रमांक बदलला, तर वर्षभराच्या कष्टाचे पैसे भलत्याच्याच खात्यात जातील. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी देणे कारखान्यावर बंधनकारक आहे, आणि उशिराला वार्षिक १५ टक्के व्याज आहे. चोराने पैसे नेले म्हणून ते देणे फिटत नाही. ते शेवटी येते आपल्या सर्वांच्या कारखान्यावरच. मागील हंगामांचे काटा पावत्या आणि बिले आम्ही ताडून पाहिली, तफावत निघाली नाही. ते आपले सुदैव म्हणायचे. त्यात आमच्या दक्षतेचा भाग नव्हता.

या विचारात असतानाच उन्हाळ्यात काही मंडळींसह रायगड आणि उमरठ येथे तानाजी मालुसरे यांच्या समाधीच्या दर्शनाला जाणे झाले. त्या दौऱ्यात पोलादपूर तालुक्यातील कापडे येथे चहाला थांबलो. चारी बाजूंनी डोंगर, भाताची खाचरे, ऊस औषधालाही नाही. चहाच्या बाकावर गावकीतले एक जाणते गृहस्थ भेटले. त्यांना आमची अडचण सांगितली तर म्हणाले, "अहो, ती तर प्रत्येक ग्रामपंचायतीत आहे. आमच्याकडं सरपंच बदलला की किल्ली बदलते."

ही किल्ली म्हणजे डिजिटल सही. दिसायला पेनड्राइव्हसारखी. २०२० साली केंद्र शासनाने ई-ग्रामस्वराज ही प्रणाली आणली. तेव्हापासून वित्त आयोगाचा निधी खर्च करायचा तर ग्रामसेवकाने (ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) आपल्या किल्लीने देयक तयार करायचे आणि सरपंचांनी आपल्या किल्लीने त्याला मंजुरी द्यायची. एकट्याच्या किल्लीने पैसा हलत नाही. किल्लीला मुदत असते, ती आपल्या देशात फार तर तीन वर्षांची. निवडणूक होऊन नवे सरपंच आले की जुन्यांची किल्ली बंद करून नव्यांची नोंदवावी लागते. आम्ही विचारले, "आणि मधल्या दिवसांत?" गृहस्थ हसले. "मधल्या दिवसांत ठेकेदार हेलपाटे मारतो. कुठल्याही गावात विचारा." कापड्यासारख्या डोंगरातल्या गावाला जो नियम लागू आहे तो कोट्यवधींची बिले काढणाऱ्या आमच्या कॉम्प्युटरला नव्हता, याची आम्हास लाज वाटली. मात्र मधले दिवस आम्हाला परवडणारे नव्हते. पंचायतीचे बिल चार दिवस थांबेल. तुटलेला ऊस कसा थांबणार?

जुनी किल्ली बंद करायची राहिली की काय होते याचे ठळक उदाहरण अमेरिकेत घडले. तिथे टेक्सासपासून न्यू जर्सीपर्यंत पेट्रोल-डिझेल वाहून नेणारी कोलोनिअल कंपनीची पाईपलाईन आहे, लांबी सुमारे ८,८५० किलोमीटर. मे २०२१ मध्ये चोर तिच्या कॉम्प्युटरांत शिरले ते एका जुन्या, वापरात नसलेल्या खात्याच्या पासवर्डाने. कंपनी ते खाते विसरली होती, पण ते चालू होते. कंपनीने पाईपलाईन बंद केली, पंपांवर रांगा लागल्या आणि सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी मोजावी लागली. त्यातली काही रक्कम सरकारने पुढे परत मिळवली, तो भाग वेगळा.

आपल्याकडचे उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे. १९०६ साली स्थापन झालेली ही जुनी, नावाजलेली बँक. ऑगस्ट २०१८ मध्ये तिचे ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. त्यांपैकी सुमारे ७८ कोटी एकाच दिवशी २८ देशांतील एटीएममधून काढले गेले. एटीएमकडून येणारी विचारणा चोरांनी बँकेच्या मुख्य हिशेबापर्यंत पोचूच दिली नाही. मध्येच त्यांच्या बनावट यंत्रणेने "द्या पैसे" असा होकार दिला. नुसते पासवर्ड बदलत राहिल्याने ही चोरी टळली असती असे आमचे म्हणणे नाही. पण एका यंत्राने दुसऱ्याचा शब्द खरा मानला की पैसा किती वेगाने जातो, हे कळायला दुसरे उदाहरण नको.

आता खर्च कशाचा झाला ते सांगतो. शब्द बदलण्याचे काम माणसाकडून काढून एका प्रोग्रॅमकडे दिले आहे. त्याला आम्ही ऑफिसात तिजोरी म्हणतो. ही तिजोरी दररोज प्रत्येक काट्यासाठी एक नवा, लांबलचक, कसलाच अर्थ नसलेला शब्द बनवते. तो कोणी वाचत नाही, कोणाला पाठ करायचा नाही. आधी तो केन अकौंटच्या कॉम्प्युटरला कळवला जातो, पण जुना लगेच रद्द होत नाही. काही काळ दोन्ही चालतात. मग तोच शब्द काट्याला दिला जातो. काट्याने नव्या शब्दाने एक पावती पाठवून ती पोचल्याची खात्री झाली, की मगच जुना शब्द बंद होतो. काटा नव्या शब्दाने बोललाच नाही तर जुना चालू राहतो आणि पाळीवरच्या माणसाच्या फोनवर घंटा वाजते. जानेवारीतल्या त्या रात्री हीच मधली मुदत नव्हती. बाकी सर्व कामात मेहनत आहे, शहाणपण आहे ते एवढ्यातच. चारही काट्यांचे शब्द आता वेगळे आहेत, त्यामुळे एक फुटला तरी तिघे सुरक्षित.

बँकेकडे यादी पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला तर कायमचा शब्द ठेवलेलाच नाही. त्याला आपल्या तोडणी चिठ्ठीसारखी चिठ्ठी मिळते. चिटबॉयच्या चिठ्ठीवर प्लॉट, तारीख, टोळी असते. ती कोणाला रस्त्यात सापडली तरी पुढच्या आठवड्यात तिचा काय उपयोग? तसेच हे. यादी पाठवायच्या वेळी तिजोरी पंधरा मिनिटांची चिठ्ठी देते, ती एवढ्याच कामाला चालते, आणि वेळ सरली की तिचा कागद झाला. बँकेचा ओटीपी आपण रोज पाहता, तोही याच जातीचा.

आणि सभासदाचा खाते क्रमांक बदलायचा असेल तर कापड्याचा धडा घेतला आहे. शेतकी खात्याने नोंद करायची, हिशेब खात्याने आपल्या वेगळ्या किल्लीने मंजूर करायची. यात आपला एक दिवस जास्त जाईल. तेवढी कळ सोसावी, ही विनंती.

मग माणसांचे पासवर्डही रोज बदलायचे का? नाही, आणि इथे आमचाही जुना समज चुकीचा निघाला. अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी बिल बर या अधिकाऱ्याने २००३ मध्ये नियम लिहिले, त्यांतून ठराविक दिवसांनी पासवर्ड बदलण्याची सक्ती जगभर पसरली. पण सक्ती केली की माणूस काय करतो? बायकोचे नाव आणि पुढे १, पुढच्या खेपेस २, मग ३. नाहीतर कॅलेंडरच्या मागे पेन्सिल आहेच! २०१७ मध्ये खुद्द बर यांनी आपला सल्ला चुकल्याचे सांगितले, आणि त्याच साली संस्थेने नियम फिरवला: फुटल्याचा संशय असेल तरच बदला. यंत्रांची गोष्ट उलटी. यंत्राला विसरायचे भय नाही आणि कंटाळाही नाही. वेबसाईट खरी आहे हे पटवणाऱ्या प्रमाणपत्रांची मुदत आधी ३९८ दिवस होती. एप्रिल २०२५ मध्ये ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे ती १५ मार्च २०२६ पासून २०० आणि १५ मार्च २०२९ पासून अवघी ४७ दिवस आहे. एवढ्या घाईने हाताने बदलणे कोणाला जमणार? यंत्रानेच बदलावे म्हणूनच मुदत आखूड केली आहे.

या व्यवस्थेत एक कच्चा दुवा आहे, तोही लपवत नाही. सगळे शब्द तिजोरीत, तर तिजोरीच बंद पडली तर? आणि तिजोरीची किल्ली कोणाकडे? यासाठी एक आणीबाणीचा शब्द लाखबंद लिफाफ्यात घालून कार्यकारी संचालकांच्या लोखंडी कपाटात ठेवला आहे. तो फोडायला दोन अधिकारी हजर लागतात, नोंदवहीत वेळ व कारण लिहावे लागते आणि एकदा फोडला की तो शब्द बाद.

जुलैत, कारखान्याची देखभाल-दुरुस्ती सुरू असताना, आम्ही मुद्दाम तिजोरी बंद करून हा लिफाफा फोडून पाहिला. आतला शब्द चालेना. तिघांनी तीनदा घालून पाहिला. शेवटी कळले की हाताने लिहिताना शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत झाली होती. आता तो शब्द छापून, कॉम्प्युटरवर चालवून पाहून, मगच लिफाफ्यात जातो, आणि बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आदल्या दिवशी तो पुन्हा एकदा फोडून पाहायचे ठरले आहे.