खिशातली दुसरी गोळी

जालन्याच्या मोतीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांची बाकं ठरलेली आहेत. फेऱ्या संपल्या की तिथे दुखण्यांची सभा भरते. कुणाची साखर किती आली, कुणाच्या गुडघ्याला कोणतं तेल लागू पडलं, कुणाला रात्री किती वेळा उठावं लागतं, हे सगळं सगळ्यांना तोंडपाठ. मूळव्याधीची चर्चासुद्धा मोकळ्या आवाजात चालते. फक्त एकच दुखणं असं, की ते या सभेपुढे आजवर कुणी मांडलेलं नाही.

माझे एक मित्र आहेत. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले. चाळीस वर्षांची ओळख. मी त्यांना मास्तर म्हणतो, ते मला साहेब म्हणतात. बँकेची खुर्ची सुटली, पण हाक तेवढी राहिली. एके दिवशी सभा उठली तरी मास्तर बाकावरून हलले नाहीत. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत एक निळसर गोळी होती.

"साहेब, तुम्ही लिहिणारे-वाचणारे. ही घेतलेली चालते का हो?"

कसली गोळी ते न सांगताच कळलं. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नव्हती, काही विचारलंही नव्हतं. त्याच खिशात मास्तरांची सॉर्बिट्रेटची पट्टी होती. छातीत कळ आली तर जिभेखाली धरायची ती गोळी. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झालेली. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी काय केलं? हसलो. "या वयात पुन्हा बोहल्यावर चढायचा विचार आहे की काय?" म्हणालो. मास्तरही कसनुसे हसले, पुडी घडी करून खिशात ठेवली आणि विषय संपला. निदान मला तसं वाटलं.

चार दिवसांनी रात्री साडेअकराला वहिनींचा फोन आला. मास्तरांना छातीत जड वाटू लागलं, म्हणून त्यांनी सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवली आणि पाच-दहा मिनिटांत ते पलंगाजवळच कोसळले. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा सलाईन चालू होतं. अगदी खाली गेलेला रक्तदाब हळूहळू वर येत होता, पण छातीतलं जड वाटणं थांबलं नव्हतं. तरुण डॉक्टरांनी वाकून विचारलं, "काका, रोजच्या गोळ्यांशिवाय आज आणखी काही घेतलं होतं का?"

मास्तरांनी पाहिलं. उजवीकडे बायको, डावीकडे मुलगा, पायाशी सून. मान हलवून म्हणाले, "नाही."

माझ्या आयुष्यातली ती सर्वांत लांब दोन मिनिटं असतील. मित्राची लाज राखायची की मित्र राखायचा? शेवटी मी डॉक्टरांना व्हरांड्यात बोलावलं आणि निळ्या गोळीचं सांगितलं. ते तसेच आत वळले आणि परिचारिकेला म्हणाले, "यांना नायट्रेट द्यायचं नाही." नंतर मला म्हणाले, "काका, बरं केलंत. रक्तदाब जरा सावरला असता तर छातीच्या दुखण्यासाठी मी तेच औषध शिरेतून सुरू करणार होतो."

मास्तर वाचले. हे सगळं त्यांच्याच सांगण्यावरून लिहितो आहे. नाव तेवढं घालू नका म्हणाले.

आता या दोन गोळ्यांचं वैर काय आहे ते पाहू. इंग्लंडच्या केंट परगण्यात सँडविच नावाचं गाव आहे. तिथे फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत हृदयशूळावर औषध शोधताना सिल्डेनाफिल हाती आलं. छातीच्या दुखण्यावर ते फारसं चाललं नाही. पण चाचणीतल्या पुरुषांनी भलताच परिणाम कळवला. २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 'व्हायग्रा' या नावाने त्याला परवानगी दिली. योगायोग असा की, त्याच वर्षी वैद्यकाचं नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना मिळालं. नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू शरीरात रक्तवाहिन्या सैल करण्याचा निरोप पोचवतो, हे त्यांनी दाखवलं होतं. आणि गंमत पहा, ज्या नायट्रोग्लिसरिनपासून आल्फ्रेड नोबेलने सुरुंगाची दारू बनवली, तेच औषध म्हणून घ्यायला त्याच्या डॉक्टरांनी त्याला अखेरच्या दिवसांत सांगितलं होतं. त्याच्याही हृदयाचं दुखणं होतं.

पुरुषाच्या मनात इच्छा जागी झाली की मज्जातंतू हा वायू सोडतात. रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त भरतं आणि ताठरता येते. मग शरीरातलंच एक विकर तो निरोप पुसून टाकतं. सिल्डेनाफिल त्या विकराला अडवतं. निरोप जास्त वेळ टिकतो. म्हणूनच मनात इच्छा नसेल तर गोळी काहीच करत नाही. ती वासना वाढवत नाही की तारुण्य परत आणत नाही. सॉर्बिट्रेट मात्र तोच वायू साऱ्या शरीरात सोडते. एक गोळी दारं उघडते, दुसरी ती मिटू देत नाही. आमच्या घनसावंगी-अंबडकडच्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. जायकवाडीच्या कालव्यावरची वरची सगळी दारं एकदम उघडी राहिली तर टेलच्या शेताला पाणी पोचत नाही. इथे टेलला मेंदू असतो आणि हृदय असतं.

दवाखान्यातून घरी सोडण्याआधी डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून जे सांगितलं, ते मी डायरीत उतरवून घेतलं. नायट्रेटचं कोणतंही औषध चालू असेल, गोळी असो, फवारा असो वा कातडीवरची पट्टी असो, तर ही गोळी मुळीच घ्यायची नाही. ज्यांना नायट्रेट नाही, त्यांनीही आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. दोन जिने न थांबता, छातीत न दुखता चढता येतात का, हा डॉक्टरांचा ढोबळ प्रश्न असतो. सिल्डेनाफिलची सुरुवात साधारण ५० मिलिग्रॅमने होते. पासष्टीपुढे किंवा यकृत-मूत्रपिंडाचा त्रास असेल तर २५ ने. कमाल १०० मिलिग्रॅम, आणि दिवसातून एकदाच. तासभर आधी घ्यायची. तेलकट-तुपकट जेवणावर घेतली तर परिणाम उशिरा होतो. मग 'काही झालं नाही' म्हणून दुसरी गिळायची नाही. टॅडालाफिल नावाची दुसरी गोळी आहे. तिचा असर ३६ तासांपर्यंत राहतो. म्हणून गोळी घेतल्यावर छातीत दुखलं तर घरी सॉर्बिट्रेट न धरता थेट दवाखाना गाठायचा आणि कोणती गोळी, किती वाजता घेतली ते सांगायचं. सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि टॅडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट चालत नाही.

प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनीही सांगायला हवं, कारण दोन्ही मिळून रक्तदाब उतरू शकतो. दारूबरोबर तर नकोच. डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं, जळजळ, निळसर दिसणं हे त्रास बहुधा आपोआप जातात. पण एकाएकी दिसेनासं किंवा ऐकू येईनासं झालं, अथवा ताठरता चार तासांवर टिकली, तर सकाळची वाट पाहू नये.

बँकेत कर्जाचा अर्ज आला की आमचा पहिला प्रश्न असे, आधीचं देणं किती? आधीचं लपवून नवं काढणारा बुडायचा आणि बँकेलाही गोत्यात आणायचा. डॉक्टरांपासून जुन्या गोळ्या लपवणारा रोगी मला त्याच जातीचा वाटतो. आणि चिठ्ठीचा नियम म्हणाल तर तो कागदोपत्री आहेच. ही औषधं 'शेड्यूल एच'मधली आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असं वेष्टनावरच छापलेलं असतं. दुकानदार विचारत नाही आणि गिऱ्हाईक सांगत नाही. दोघांनाही ते सोयीचं असतं.

डॉक्टरांनी मास्तरांना आणखी एक प्रश्न विचारला. "हा त्रास कधी सुरू झाला?" मास्तर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अँजिओप्लास्टीच्या आधी दोन-अडीच वर्षं." डॉक्टर म्हणाले, "तेव्हाच आला असता तर?"

त्या जागच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा अरुंद असतात. साखर, रक्तदाब, तंबाखू आणि चरबी यांनी नळ्या खराब होऊ लागल्या की अरुंद नळी आधी तुंबते. छातीची तक्रार येण्यापूर्वी दोन-पाच वर्षं हा त्रास अनेकांत दिसतो. दर वेळी कारण हेच असतं असं नाही. चिंता, उदासी, रक्तदाबाच्या काही गोळ्या, हीसुद्धा कारणं असतात. पण ज्याला आपण मर्दानगीचा पराभव समजून उशाखाली दडवतो, ती शरीराने धाडलेली नोटीस असू शकते. बँकेत नोटीस न उघडता कोनाड्यात ठेवणारे पुष्कळ पाहिले. जप्ती त्यांच्याच दारी येते.

डॉक्टरांकडे न जाणारा माणूस कुठे जातो ते आपण पाहतो. रस्त्याकडेच्या तंबूत, भिंतीवरच्या जाहिरातीतल्या 'खानदानी' वैद्याकडे. अशा जाहिरातींना बंदी घालणारा कायदा १९५४ सालचा आहे. भिंती मात्र अजून रंगतात. 'शंभर टक्के जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत सिल्डेनाफिलच मिसळलेलं असल्याचं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वारंवार उघड केलं आहे. म्हणजे हृदयरोगी माणूस 'वनस्पती' समजून नेमकं तेच गिळतो, आणि कुणी विचारलं तर प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो.

या गुपचुपीविरुद्ध मराठीत एक माणूस फार आधी उभा राहिला होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. वाचक पत्रांतून अडचणी विचारत, कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं देत. त्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं, तरी दंड झालाच. दुखणं विचारण्यात आणि त्यावर उत्तर देण्यात अश्लील काय, हा मूळ प्रश्न होता. आज त्यासाठी कुणी कोर्टात खेचणार नाही. तरीही मास्तर 'नाही' म्हणाले, आणि मी तर त्याआधीच हसलो होतो. माझ्या कादंबऱ्यांतली पात्रं मनातलं सगळं बोलतात. शेजारी बसलेला मित्र बोलू लागला, तर मी विनोद केला.

मास्तर घरी आल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, गोळी घेतली याचा राग नाही. चार वर्षं एका घरात राहून मला सांगितलं नाही, याचा आहे. मला वाटायचं, माझंच काही चुकलं." पुढच्या तपासणीला दोघं मिळून गेले. मास्तरांना नायट्रेट सोडता येणार नाही, म्हणून निळी गोळी बंदच. दुसरे उपाय आहेत, ते डॉक्टरांनी समजावले. काय करायचं ते नवरा-बायको ठरवतील. तंबाखू सुटली, साखर आवाक्यात आली. मोतीबागेत आता वहिनीही फिरायला येतात.

परवा सभा उठल्यावर आणखी एक जण बाकावर रेंगाळले. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "साहेब, एक विचारायचं होतं. हसू नका."

मी हसलो नाही. जवळ सरकून विचारलं, "खिशात आणखी कोणती गोळी असते तुमच्या?"