रिकाम्या रकान्याचा न्याय

सारण्यांचे शास्त्र : लेखांक बारावा

गेल्या लेखांकाच्या अखेरीस इंडेक्सचा विषय हाती घेण्याचे वचन दिले होते, आणि त्याची टिपणेही तयार होती. परंतु मध्यंतरी महादुल्याहून एका तरुण वाचकाचे जे पत्र आले, त्यातील अडचण इतकी नित्याची आणि तरीही इतकी खोल आहे, की इंडेक्सला आठवडाभर थांबवून तिचाच विचार आधी करणे मला अगत्याचे वाटते. इंडेक्स उत्तराला वेग देतो. उत्तर खरे असण्याची हमी मात्र त्याआधीच मिळालेली असावी लागते.

पत्रलेखक वीजकेंद्राला सुटे भाग पुरविणाऱ्या एका कंत्राटदाराच्या भांडारात दफ्तर सांभाळतात. त्यांच्याजवळ दोन टेबले आहेत. एकात प्रत्येक भागाचा क्रमांक, वर्णन आणि शिल्लक. दुसऱ्यात माल बाहेर गेल्याच्या चिठ्ठ्या, प्रत्येक चिठ्ठीवर तारीख, भाग क्रमांक आणि नग. वर्षअखेरीस मालकांनी विचारले, की वर्षभरात ज्यांचा एकही नग उचलला गेला नाही असे भाग कोणते, ते काढून द्या. पत्रलेखकांनी सरळ क्वेरी लिहिली : ज्यांचा क्रमांक चिठ्ठ्यांच्या टेबलातील क्रमांकांत नाही, म्हणजे 'नॉट इन', ते भाग दाखव. उत्तरात एकही ओळ आली नाही. 'नॉट' काढून केवळ 'इन' ठेवले, तर उचलले गेलेले भाग बिनचूक आले, आणि ते एकूण भागांतून वजा केले असता बरेच भाग शिल्लक राहतात, हे तर उघड दिसत होते. एका यादीचे दोन हिस्से करावेत, पहिला हिस्सा पुरा मिळावा आणि दुसरा मुळीच मिळू नये, हे कसे, असा त्यांचा प्रश्न.

याचे कारण एका चिठ्ठीत आहे. हजारो चिठ्ठ्यांपैकी कुठल्या तरी एका चिठ्ठीवर भाग क्रमांकाचा रकाना रिकामा राहिला असला पाहिजे. डेटाबेसच्या परिभाषेत तिथे 'नल' आहे. आता क्वेरीच्या जागी स्वतःला कल्पून पाहावे. १०१ क्रमांकाचा भाग त्या यादीत नाही, असे शपथेवर सांगायचे आहे. यादीतील प्रत्येक क्रमांकाशी ताडून पाहता तो जुळत नाही. परंतु त्या एका चिठ्ठीवर कोणता क्रमांक असायला हवा होता हेच ठाऊक नसल्यामुळे तो १०१ नसेलच असे म्हणता येत नाही. म्हणून त्या तुलनेचे उत्तर 'होय' नाही आणि 'नाही'ही नाही. ते 'अज्ञात' असे येते. बाकी सर्व तुलना अनुकूल असल्या तरी एका अज्ञाताने समग्र विधान अज्ञात होते, आणि 'व्हेअर' हे कलम फक्त 'होय' असे निश्चित उत्तर देणाऱ्या ओळींनाच आत घेते. परिणामी प्रत्येक भागाची एकच गत होते : तो यादीत सापडला तर उत्तर 'नाही', न सापडला तर 'अज्ञात'. 'इन'ला ही बाधा होत नाही, कारण जुळणारा एक क्रमांक सापडला की होकार पक्का होतो, मग बाकीच्या अज्ञातांनी काही बिघडत नाही.

उपाय दोन आहेत. आतल्या क्वेरीत 'क्रमांक रिकामा नसलेल्या चिठ्ठ्याच घे' अशी अट घालावी. किंवा, जे मला अधिक प्रशस्त वाटते, 'नॉट इन'ऐवजी 'नॉट एग्झिस्ट्स' वापरून 'या क्रमांकाची एकही चिठ्ठी अस्तित्वात नाही' असे विचारावे. पत्रलेखकांचे काम एवढ्याने भागेल. पण ही क्वेरी त्या चिठ्ठीला वगळते, तिचा उलगडा करीत नाही. तो माल कोणता होता हा प्रश्न तसाच राहतो, आणि कदाचित ज्याला आपण वर्षभर न हललेला म्हणून मालकांपुढे ठेवणार तोच भाग त्या चिठ्ठीने बाहेर गेलेला असेल.

याच ठिकाणी एक गोष्ट नमूद करतो, कारण अनुभवी माणसेही तिथे अडखळतात. 'व्हेअर' हे अज्ञाताला दाराबाहेर ठेवते. 'चेक' ही टेबलावरची निर्बंधाची अट मात्र त्याला आत घेते. नग शून्याहून अधिक असलेच पाहिजेत असा चेक लावला, तरी नगांचा रकाना रिकामा ठेवून केलेली नोंद बिनबोभाट स्वीकारली जाते, कारण चेक फक्त 'नाही' असे निश्चित उत्तर आले तरच नोंद अडवितो. एकाच भाषेतली ही दोन कलमे एकाच अज्ञाताशी परस्परविरुद्ध वागतात.

हे अज्ञात आले कोठून? एडगर कॉड या मूळच्या इंग्रज गणितज्ञाने आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत असताना १९७० साली जो निबंध प्रसिद्ध केला आणि ज्याच्यावर आपले हे सारे शास्त्र उभे आहे, त्यात नलची व्यवस्था नव्हती. ती त्याने १९७९ च्या निबंधात मांडली. पुढे त्याचे स्वतःचेच तिच्याने समाधान होईना, आणि १९८६ मध्ये त्याने सुचविले की रिकामेपणाच्या खुणा दोन असाव्यात : मूल्य आहे पण आपल्याला ठाऊक नाही, याची एक, आणि येथे मूल्य संभवतच नाही, याची दुसरी. एसक्यूएलच्या कर्त्यांनी ही सूचना स्वीकारली नाही. कॉडचा सहकारी ख्रिस डेट याने तर नल मुळातच नको अशी भूमिका घेतली आणि ती सातत्याने मांडली. या वादात माझे मन कॉडच्या बाजूचे आहे, फक्त त्याच्या दोन खुणा मला अपुऱ्या वाटतात. आणि त्या का अपुऱ्या वाटतात हे सांगण्यासाठी मला आपल्याकडच्या नैयायिकांकडे जावे लागते.

अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिकविला गेला आणि आठल्ये व बोडस यांनी सिद्ध केलेली त्याची मुंबईची आवृत्ती अभ्यासकांच्या परिचयाची आहे. त्यात अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानून त्याचे चार प्रकार केले आहेत : वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा तो प्रागभाव, तिचा नाश झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव, त्रिकाळी नसणे तो अत्यंताभाव, आणि एक वस्तू दुसरी नव्हे हा अन्योन्याभाव. आता आमच्या कोराडीच्या वीजकेंद्राचे संच घ्या. प्रत्येकी १२० मेगावॅटचे पहिले चार संच १९७४ ते १९७६ या काळात उभे राहिले आणि आपले आयुष्य पुरे करून कायमचे बंद झाले. ६६० मेगावॅटचे आठवा, नववा आणि दहावा हे तीन संच २०१५ पासून पुढे आले. या सर्वांचे वर्षवार उत्पादन एका तक्त्यात मांडायचे ठरविले, प्रत्येक वर्षाला एक ओळ आणि प्रत्येक संचाला एक रकाना, तर १९९० च्या ओळीत आठव्या संचाचा रकाना रिकामा राहील : तो प्रागभाव. आजच्या ओळीत पहिल्या संचाचा रकाना रिकामा राहील : तो प्रध्वंसाभाव. याच तक्त्याला तोतलाडोहचे जलविद्युत संच जोडले आणि 'जाळलेला कोळसा' असा रकाना ठेवला, तर तो त्या संचांपुरता सदैव रिकामाच राहणार : तो अत्यंताभाव. अन्योन्याभावाला रिकामा रकाना लागत नाही. आठवा संच तो नववा नव्हे, हे प्राथमिक कळीचे (प्रायमरी कीचे) काम. आणि संच चालू होता, वीज निर्माण झाली, पण पाळीच्या गडबडीत आकडा लिहायचा राहिला, हा तर अभावच नव्हे. वस्तू तिथे होती, आपल्याला तिचे ज्ञान नाही. चार भिन्न स्थिती, आणि एसक्यूएल चारींना एकच खूण देते!

शिवाय यांपैकी कशातही शून्य येत नाही. संच सुस्थितीत आहे पण देखभालीसाठी दिवसभर थांबविला, तर त्याचे उत्पादन शून्य. ते ठाऊक असलेले, मोजलेले, बेरीज-वजाबाकीला पात्र असे मूल्य आहे. शून्याशी व्यवहार कसा करावा याचे नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये घालून दिले. त्या शून्याला रिकाम्या रकान्याच्या पंक्तीत बसविणे हा त्याचा अधिक्षेप होईल. तरीही रिकामे दिसले की शून्य भरण्याची सवय कचेऱ्याकचेऱ्यांत आहे, आणि तिचा परिणाम हिशेबात दिसतो. रकाना रिकामाच ठेवला तरी हिशेब आपोआप नीट होतो असे नाही. वीजव्यवहारात दिवसाचे पंधरा पंधरा मिनिटांचे ९६ खंड मानतात. उदाहरणादाखल एका तासाचे चार खंड घेऊ : ६००, ६२०, रिकामा आणि ५८० मेगावॅट. सरासरी विचारली तर डेटाबेस रिकामा खंड सोडून तिघांची काढतो, ती ६०० येते. म्हणजे न लिहिलेला खंड इतरांसारखाच होता असे त्याने गृहीत धरले. बेरीज करून युनिटे काढली तर ती साडेचार लाख येतात. म्हणजे त्याच खंडात वीज निर्माण झालीच नाही असे धरले गेले. सरासरीवरून तासाची युनिटे काढावीत तर ती सहा लाख भरतात. एकाच गोषवाऱ्यातील दोन रकाने दीड लाख युनिटांनी जुळत नाहीत, आणि दोन्ही फंक्शने आपापल्या नियमाबरहुकूम चाललेली असतात. ज्या गोषवाऱ्यात सरासरी आणि बेरीज शेजारी छापली जातात, तिथे एकूण ओळी किती आणि भरलेले आकडे किती हे दोन्ही मोजून तिसऱ्या रकान्यात द्यावे, असा माझा आग्रह आहे. तारांकित 'काउंट' सर्व ओळी मोजतो, रकान्याचे नाव घातलेला 'काउंट' फक्त भरलेले रकाने मोजतो. या दोहोंतील अंतर हाच हिशेबाच्या विश्वासार्हतेचा दाखला.

आणखी एक प्रकार आहे आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. रकाना रिकामा असणे एक. मुळात ओळच नसणे दुसरे. कुमारिलभट्टाच्या परंपरेतील मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले : भूतलावर घट दिसत नाही, म्हणून घट नाही हे ज्ञान होते. पण त्यांनी त्याला मोठी मार्मिक अट घातली. न दिसणे हे योग्य असले पाहिजे. घट असता तर तो अवश्य दिसला असता, इतका उजेड तिथे हवा. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून तो नाही, असे म्हणता येत नाही. डेटाबेसात ओळ नाही म्हणून घटना घडली नाही, हे अनुमान आपण रोज करतो. रेमंड राइटर या संशोधकाने १९७८ मध्ये या गृहीताला तर्कशास्त्रीय रूप दिले. मीमांसकांची अट त्यालाही तंतोतंत लागू पडते : घडलेली प्रत्येक घटना ज्या टेबलात लिहिली गेलीच असती, त्याच टेबलाच्या मौनाला पुरावा म्हणता येईल. चिठ्ठीवाचून माल बाहेर जाऊच शकत नसेल, तर चिठ्ठी नसणे हा भाग न हलल्याचा पुरावा. रात्रपाळीला तोंडी सांगून माल नेला जात असेल, तर तो उजेड नव्हे.

हा उजेड पाडण्याची रीत सोपी आहे. १ ते ९६ अशी खंडांची पूर्ण यादी आधी तयार करावी आणि तिला प्रत्यक्ष नोंदींचे टेबल 'लेफ्ट जॉइन'ने जोडावे. जिथे नोंद नाही तिथे उजव्या बाजूला नल उमटेल आणि राहिलेले खंड आपोआप समोर येतील. मात्र 'नोंद आहे की नाही' हे मेगावॅटच्या रकान्यावरून ओळखू नये. ओळ नसली तरी तिथे नल, आणि ओळ असून आकडा राहिला असला तरी नलच. उजव्या टेबलाच्या कळीचा रकाना पाहावा. तो खऱ्या ओळीत रिकामा असूच शकत नाही, म्हणून तोच निर्णायक.

तर मग टेबल रचावे कसे? आकडा न येण्याला कारण असते, आणि ते कारण नोंद करणाऱ्यालाच त्या क्षणी ठाऊक असते. वर्षाने क्वेरी लिहिणाऱ्याला ते तर्काने काढता येत नाही. म्हणून आकड्याच्या शेजारी 'स्थिती' असा रकाना ठेवावा आणि तो सक्तीचा करावा : मोजले, मीटर नादुरुस्त, लिहायचे राहिले. संच कधी सुरू झाला आणि कधी बंद पडला या तारखा संचांच्या टेबलात ठेवाव्यात; वर्षवार तक्ता मोडून प्रत्येक संच आणि प्रत्येक वर्ष यांची स्वतंत्र ओळ करावी, म्हणजे प्रागभाव आणि प्रध्वंसाभाव यांना रिकाम्या रकान्याची गरजच उरत नाही. कोळशाचा हिशेब औष्णिक संचांच्या वेगळ्या टेबलात जावा, की अत्यंताभावही मिटला.

पत्रलेखकांना शेवटची सूचना. भाग क्रमांकाचा रकाना 'नॉट नल' करा. पण चालू दफ्तरावर हा निर्बंध घाईने लादू नका. प्रथम रिकाम्या चिठ्ठ्या काढून, कागदी चिठ्ठीबुकाशी ताडून, त्या भरून घ्या. तुम्ही पोस्टग्रेस वापरता असे पत्रात आहे. तिथे 'नॉट नल' लावताना सबंध टेबल तपासले जाते आणि तोवर त्याला असे कुलूप लागते की कोणाला वाचताही येत नाही. त्याऐवजी 'क्रमांक रिकामा नसावा' असा चेक आधी 'नॉट व्हॅलिड' म्हणून घालावा, म्हणजे नव्या नोंदी लगेच अडतील. मग तो सवडीने 'व्हॅलिडेट' करावा, ज्याचे कुलूप सौम्य असून रोजचे काम चालू राहते. आणि त्यानंतर 'नॉट नल' लावावे. बाराव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस त्या सिद्ध झालेल्या चेकवर विसंबून पुन्हा तपासणी करीत नाही.

रिकाम्या चिठ्ठ्या शोधून काढण्याची क्वेरी मोठ्या टेबलावर संथ चालेल, आणि येथे इंडेक्सचा प्रश्न येतोच. एकाच रकान्यावरचा ओरॅकलचा नेहमीचा इंडेक्स रिकाम्या रकान्याच्या ओळी आपल्यात नोंदवीतच नाही, पोस्टग्रेसचा नोंदवितो. असे का, आणि केवळ रिकाम्यांपुरता लहानसा इंडेक्स कसा बांधता येतो, येथून पुढच्या आठवड्यात आरंभ करू.