तट पाडले आणि मुंबईला ‘फोर्ट’ मिळाला

नागपूरच्या नंदनवनकरांनो, आपला सीताबर्डीचा किल्ला आजही लष्कराकडे आहे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच आपल्याला आत जाता येतं. मुंबईचा किल्ला मात्र शहरात विरघळला, आणि ती गोष्ट मला फार आवडते.

आजचा ‘फोर्ट’ भाग म्हणजे खरोखरचा लष्करी किल्ला. तट, खंदक आणि अपोलो, चर्च, बाजार असे तीन दरवाजे. तोफांच्या माऱ्याला आडकाठी नको म्हणून तटाबाहेरचं मैदान रिकामं ठेवलेलं. 1862 मध्ये गव्हर्नर झालेल्या बार्टल फ्रिअर यांच्या काळात हे तट पाडले गेले. मोकळी झालेली जमीन विकून सार्वजनिक इमारतींसाठी पैसा उभा केला. मैदानाकाठी विद्यापीठ आणि हायकोर्ट आलं. चर्च गेटच्या जागी फ्लोरा फाउंटन.

फोर्टमधला हॉर्नबी रोड, म्हणजे आताचा दादाभाई नौरोजी रोड, जरूर पाहा. 1896 च्या नियमाने तिथल्या इमारतींना तळमजल्यावर कमानींखालून पायवाट ठेवणं बंधनकारक झालं. खाली दुकानं, वर कचेऱ्या, आणि चालणाऱ्याला ऊन-पाऊस लागत नाही. आपल्या बर्डीच्या मेन रोडवर असं काही असतं तर!

पण सगळ्यात शहाणपणाचा निर्णय म्हणजे मैदान सगळंच विकलं नाही. ओव्हल, क्रॉस, आझाद ही मैदानं त्याचेच तुकडे. ओव्हलच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींना 2018 मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला.

तटाचा उरलेला तुकडा बघायचा असेल तर सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात जा.