चित्र, माती आणि मुलांचा आत्मसन्मान

आपल्याला काहीतरी जमते, आपण चार माणसांत मोजले जातो, ही मुलाच्या मनाशी बसलेली खात्री म्हणजे त्याचा आत्मसन्मान. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ मध्ये तो मोजण्यासाठी १० विधानांची पट्टी तयार केली आणि ती आजही जगभर वापरात आहे. त्याआधी मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी साधारण ६ ते १२ हे वय निर्णायक ठरवले होते. या काळात मूल हाताने काही करून दाखवू पाहते. ते साधले तर उमेद येते, वारंवार फसले तर न्यूनगंड घर करतो. आपल्या शाळांत याच वयातली लायकी जवळजवळ पूर्णपणे वाचन, लेखन आणि गणितावरून ठरते. पाढे न येणाऱ्या मुलाला दिवसभरात कुठेच ‘मला जमले’ असे म्हणता येत नाही. चित्र, माती, नाच आणि नाटक यांत मात्र एकच बरोबर उत्तर नसते, आणि केलेली वस्तू समोर उरते. मुलांच्या आत्मसन्मानाच्या दृष्टीने कलेचे मोल आहे ते यामुळे.

तरी कलेकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. मानसशास्त्रज्ञ रॉय बॉमायस्टर व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या विषयावरील संशोधनाचा मोठा आढावा घेतला, तेव्हा नुसता आत्मसन्मान वाढवल्याने अभ्यासातली प्रगती वाढते याला आधार सापडला नाही. उलट आधी काम जमते, मग स्वतःबद्दलचे मत सुधारते, असेच बऱ्याचदा दिसते. म्हणून मुलाला ‘तू फार छान आहेस’ असे ऐकवत राहण्यापेक्षा त्याच्या हातून काही घडेल अशी सोय करणे महत्त्वाचे.

ज्या महाड तालुक्यातल्या मुलांबद्दल हे बोलणे आहे, तिथे आत्मसन्मानाची चर्चा चवदार तळ्याला वळसा घालून करता येत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथले पाणी प्राशन केले, ते माणूस म्हणून बरोबरीने वागवले जाण्याचा हक्क बजावण्यासाठी. स्वतःबद्दलचे मत एकट्याच्या मनात तयार होत नाही, भोवतीचे लोक कसे वागवतात त्यातून ते घडते. वर्गातही तेच. पुढच्या रांगेत कोण बसते, भिंतीवर कोणाचा कागद लागतो, रंगांची पेटी आधी कोणाच्या हातात जाते, हे मुले न सांगता टिपतात. आदिवासी वाडीवरून आलेले कातकरी मूल हे सगळ्यात आधी टिपते. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाऊन महिनोन्‌महिने शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला परतल्यावर पुस्तकातला धडा परका वाटतो, पण मातीच्या कामात ते वर्गातल्या कोणाहूनही मागे नसते. किती पाण्यात चिखल मळायचा आणि कोणती माती वाळताना तडकते, हे त्याला ठाऊक असते. शिक्षकाने ते त्याच्याकडून शिकून घेतले, तर वर्गातली त्याची जागा बदलते.

महाडहून रायगडाकडे निघाले की वाटेत नाते लागते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी याच गावी झाला. अशा थोरांचा दाखला देऊन मुलांना हुरूप आणण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि त्यात गैर काही नाही, पण गणितात मागे पडलेल्या मुलाला त्या दाखल्याने बळ येतेच असे नाही. त्याला त्याच्या स्वतःच्या हातचा एखादा पुरावा लागतो.

या भागात असा पुरावा दिवाळीतल्या किल्ल्यात मिळू शकतो. पाच-सहा मुले दगड, विटांचे तुकडे आणि गोणपाट गोळा करतात. आतला ढिगारा रचून त्यावर गोणपाट अंथरतात आणि वरून चिखल लिंपतात. तट कुठून न्यायचा यावर वाद होतो. ओल्या मातीवर मोहरी किंवा अळीव पेरून चार-पाच दिवसांत हिरवळ उगवायची वाट बघतात. एक बाजू कोसळते, ती पुन्हा उचलावी लागते. लहानग्याला फक्त पाणी आणायचे काम मिळते, पण पाहुणे आल्यावर ‘आम्ही केला’ म्हणताना तोही पुढे असतो. इथे शिक्षक नाही, गुण नाहीत, आणि नमुना म्हणून खरा रायगड हाकेच्या अंतरावर उभा आहे. बाजारातला तयार प्लास्टरचा किल्ला आणून ठेवला की यातले सारे जाते. मुलाच्या वाट्याला फक्त मालकी उरते. किल्ला मुलग्यांचा आणि रांगोळी मुलींची ही वाटणीही मोडायला हवी. मुलींनी घातलेली रांगोळी दुसऱ्या दिवशी झाडून टाकतात, तेव्हा किल्ल्याच्या तटावर मुलींचाही हात लागणे न्याय्य आहे.

घरच्या या परंपरेच्या तुलनेत शाळेतला चित्रकलेचा तास बऱ्याचदा कोरडा असतो. फळ्यावर शिक्षक दोन त्रिकोणी डोंगर काढतात, मधून सूर्य, खाली नदी, एक झोपडी, एक माड. तीस वह्यांत तेच चित्र उतरते आणि ज्याची रेघ फळ्यासारखी आली नाही त्याला ‘मला चित्र येत नाही’ असे कळून चुकते. खरे तर महाड-पोलादपूरच्या शाळेच्या खिडकीतून दिसणारा सह्याद्री त्रिकोणी नाही. त्याचे माथे सपाट आहेत, कडे तुटलेले आहेत, अंगावर थरांच्या आडव्या रेघा आहेत. मुलांना बाहेर नेऊन ‘डोंगराची कड बोटाने हवेत गिरवा’ एवढेच सांगितले, तरी प्रत्येकाचा डोंगर वेगळा येतो, आणि फळ्याशी तुलना करायला जागाच उरत नाही.

कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात छापील चित्रे रंगवायला देण्याला विरोध केला, तो याच कारणासाठी. छापील आकृतीपुढे मुलाला आपली रेघ उणी वाटू लागते. त्यांच्याच मांडणीनुसार नऊ वर्षांच्या सुमारास मुलांना हुबेहूब काढण्याची ओढ लागते, हात साथ देत नाही आणि बरीच मुले चित्र सोडतात. या टप्प्यावर ‘मनाला येईल ते काढ’ हा सल्ला पुरत नाही. छाया-प्रकाश, दूरचे लहान आणि जवळचे मोठे कसे दाखवायचे, माती कशी जोडायची, हे तंत्र तेव्हा शिकवावे लागते.

महाराष्ट्रात कलेतून शिकवण्याच्या विचाराची जुनी परंपरा आहे. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला आले आणि गांधीजींच्या नई तालीमच्या शाळेत कला हा साऱ्या शिक्षणाचा पाया मानून त्यांनी मुलांना शिकवले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी खडे, बिया, पाने अशा परिसरातल्या वस्तूंवर बालशिक्षण उभे केले. त्यासाठी महागडे साहित्य लागत नाही हे तेव्हाच सिद्ध झाले. नाते परिसरातही गेरू, कोळसा, चिकणमाती आणि जांभ्याची भुकटी फुकट मिळते.

नाच-नाटकाचे काम थोडे वेगळे. गौरी-गणपतीत कोकणात जाखडी, म्हणजेच बाल्या नाच होतो. गाणारे-वाजवणारे मधे, भोवती पायात चाळ बांधून नाचणाऱ्यांचा फेर. बुजऱ्या मुलाला एकट्याने सगळ्यांपुढे उभे राहावे लागत नाही. ते फेरात मिसळते, ठेका सापडला की सावरते. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये ‘मधुमंजिरी’ या नाटकाने मराठी बालरंगभूमीला स्वतंत्र रूप दिले. शाळेच्या स्नेहसंमेलनात मात्र अजूनही बोलकी चार मुलेच मुख्य भूमिकांत दिसतात आणि बाकीची झाडे होतात. आत्मसन्मानाच्या दृष्टीने छोट्या भूमिका अनेक असलेले नाटक अधिक चांगले.

कौतुकाबाबत सगळ्यात मोठी सावधगिरी हवी. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांना चित्रे काढल्यास प्रशस्तिपत्र देऊ असे आधीच सांगितले. पुढे मोकळ्या वेळेत ही मुले बक्षीस न मिळालेल्या मुलांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रे काढत बसली. एडी ब्रुमेलमन व सहकाऱ्यांच्या २०१४ च्या प्रयोगात नेदरलँड्समधल्या ८ ते १२ वर्षांच्या मुलांनी व्हॅन गॉगच्या एका चित्राची नक्कल केली. ज्यांचा आत्मसन्मान मुळात कमी होता, त्यांना भरमसाट स्तुती मिळाल्यावर त्यांनी पुढे सोपी चित्रे निवडली. साध्या शब्दांतली दाद मिळाली तेव्हा मात्र ती अवघडाकडे वळली. यावरून शाळेने घ्यायचा धडा स्पष्ट आहे. ‘वा, काय सुंदर!’ म्हणून पुढे जाण्याऐवजी कागदाजवळ बसून ‘इथे काय चाललंय, सांग ना’ असे विचारावे. तीन नंबर काढून तेवढेच कागद लावण्याऐवजी साऱ्यांचे लावावेत, आणि तेही मुलांच्या नजरेच्या उंचीवर. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना तंत्र शिकण्याच्या दृष्टीने मोल आहे, पण पहिली-दुसरीपासूनच त्यांची तयारी सुरू करणे घातक.

आपत्तीनंतर ही काळजी दुप्पट लागते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूरच्या केवनाळे व साखर सुतारवाडीतही बळी गेले आणि महाड शहर पुरात बुडाले. अशा प्रसंगातून गेलेल्या मुलांना ‘दरडीचे चित्र काढ’ म्हणून सांगू नये. कागद, रंग आणि निवांत वेळ द्यावा, विषय त्यांचा त्यांनी ठरवावा. दुसऱ्या महायुद्धात तेरेझिनच्या नाझी छळछावणीत चित्रकार फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांनी कोंडलेल्या मुलांना चित्रकला शिकवली. मुलांनी आपापल्या चित्रावर स्वतःचे नाव लिहावे असा त्यांचा आग्रह असे. जिथे माणसांचे क्रमांक केले होते, तिथे हा आग्रह फार मोठा होता. छावणीतली सुमारे साडेचार हजार चित्रे दोन सुटकेसांत लपवल्यामुळे वाचली. खोल धक्का बसलेल्या मुलाला मात्र समुपदेशक लागतो. चित्राच्या तासाने ती गरज भागत नाही.

डोंगरातल्या शाळांची अडचण कायद्यातच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी अर्धवेळ कलाशिक्षकाची तरतूद आहे, पण पट १०० हून अधिक असेल तरच. वाडीवस्तीवरच्या शाळांचा पट त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणजे ज्या मुलांना कलेची सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच कलाशिक्षक नाही. ही अट बदलायला हवी. केंद्रातल्या चार-पाच शाळांना मिळून एक फिरता कलाशिक्षक देणे अवघड नाही. तोवर जे आहेत त्या शिक्षकांनाच हे काम करायचे आहे, आणि लहान पटाचा एक फायदा त्यांच्या हाती आहे: प्रत्येक मुलाकडे बघायला वेळ मिळतो.

त्याचा उपयोग मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींत दिसावा. ‘चित्रे छान काढते’ या नोंदीतून काहीच कळत नाही. ‘मातीच्या बैलाचे पाय दोनदा मोडले, तिसऱ्या वेळी जाड केले, शेजारच्यालाही दाखवले’ या नोंदीतून चिकाटी, विचार आणि दुसऱ्याला शिकवण्याइतकी आलेली खात्री, तिन्ही कळतात. पालकसभेत ती मोठ्याने वाचून दाखवावी आणि बैल मुलाच्याच हाती द्यावा, म्हणजे तो कसा केला हे ते आईला स्वतः सांगेल.