सीलबंद पाकिटाचा भरवसा

सुट्टी संपवून पुण्या-मुंबईहून ऑस्ट्रेलियातल्या आपल्या घरी परतणाऱ्या मराठी कुटुंबांच्या बॅगांत खाऊ असतोच. सिडनीला किंवा मेलबर्नला उतरल्यावर त्यातली काही पाकिटं काढून घेतली की बहुतेकांचा सवाल ठरलेला: पाकीट सीलबंद होतं, एफएसएसएआयचा नंबर होता, दुकानाची पावतीही होती, मग अडचण कसली? मूळ गैरसमज इथेच आहे. तो नंबर उत्पादकाकडे आपल्याकडचा परवाना असल्याचं सांगतो, पदार्थ माणसाने खाण्याच्या दृष्टीने. विमानतळावरच्या जैवसुरक्षा तपासणीला मात्र तिथल्या पिकांची आणि गुरांची काळजी असते. तिच्यासाठी वेष्टण दुय्यम; आत काय आहे आणि त्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे, हे महत्त्वाचं.

दुधाच्या मिठाईचं उदाहरण घ्या. लाळ-खुरकूत हा रोग आपल्याकडच्या शेतकऱ्याला नवा नाही. त्याच्या लसी दरवर्षी टोचल्या जातात. ऑस्ट्रेलियात हा रोग 1872 नंतर आलेला नाही. त्याचा विषाणू मांसातून आणि दुधाच्या पदार्थांतूनही पसरू शकतो. ब्रिटनमध्ये 2001 साली ही साथ आली, तेव्हा साठ लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली, आणि डुकरांना घातलेल्या न उकळलेल्या खरकट्यातून, बहुधा बेकायदा आलेल्या मांसातून, ती सुरू झाली असं मानलं जातं. सातारचा कंदी पेढा कितीही खरपूस भाजलेला असला तरी तो दुधाचाच, आणि तो किती तापमानावर किती वेळ भाजला हे खोक्यावरून कुणाला कळणार? म्हणून पेढे, बर्फी, गुलाबजाम तिथे अडवले जातात.

धान्य-कडधान्यांचं कारण वेगळं आहे आणि ते आपण फारसं समजून घेत नाही. खाप्रा हा भुंगेरा मूळ भारतीय उपखंडातला. त्याची अळी पोत्याच्या शिवणीत किंवा लाकडाच्या फटीत दडून अन्नाशिवाय वर्षानुवर्षं तग धरते, आणि नेहमीच्या धुरीलाही सहज दाद देत नाही. धान्य भरतानाच त्यात अंडी किंवा अळ्या असतील, तर पाकीट सील केल्याने त्या बाहेर जात नाहीत. त्यामुळे तांदूळ, हरभरा, तूर, मूग, धणे, जिरे, सुक्या मिरच्या प्रवाशांनी बॅगेतून आणायला ऑस्ट्रेलियात बंदी आहे. कारखान्यात तळून किंवा भाजून तयार झालेल्या खाद्यपदार्थांना या बंदीतून सूट मिळते, कारण त्या उष्णतेत कीड टिकत नाही.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो: सिडनीच्या हॅरिस पार्कमधल्या भारतीय दुकानात तीच तूरडाळ मिळते, मग माझ्याच बॅगेतली का नको? कारण दुकानातला माल आयातदाराने प्रमाणपत्रं जोडून, गरज पडेल तिथे प्रक्रिया करून आणि तपासणीतून आणलेला असतो. घरच्या बॅगेतल्या डाळीमागे असं काहीच नसतं. ‘अर्ध्या किलोने काय होतंय’ हा युक्तिवादही टिकत नाही. किडीला शिरकावासाठी पोतंभर धान्य लागत नाही.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज म्हणजे ‘उतरण्याआधी भरायच्या प्रवासी कार्डावर खाऊ आहे असं लिहिलं की दंड होतो’. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. आपण स्वतःहून खरं लिहिलं, तर ती वस्तू मनाई असलेली निघाली तरी फार तर काढून घेतली जाते. जाहीर केल्याबद्दल दंड होत नाही. ती लपवली किंवा ‘नाही’वर खूण केली, तर मात्र हजारो डॉलरचा दंड होऊ शकतो आणि तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याचा व्हिसाही रद्द होऊ शकतो. ‘आमचे शेजारी तर दरवेळी सुटतात’ हे ऐकून धाडस करणाऱ्यांनी क्ष-किरण यंत्रं आणि वास घेणारे कुत्रे विसरू नयेत. शिवाय न पकडलं जाणं म्हणजे परवानगी असणं नव्हे. बॅग भरण्याआधी तिथल्या कृषी खात्याची यादी बघा, पदार्थांची पाकिटं एकाच ठिकाणी, वर ठेवा, आणि शंका असेल त्या प्रत्येक पदार्थापुढे ‘हो’वरच खूण करा.